कूलरला खिडकीची जागा

लेकीला बाळासकट सासरी पाठवताना लोक पाळणा देतात. मी कूलर द्यायचं ठरवलं. मे महिन्यात नांदेडहून निलंग्याला पाळणा घेऊन जाणाऱ्या माणसाला उन्हाळा म्हणजे काय ते कळलेलंच नाही, असं माझं मत होतं आणि ते मी घरात जरा मोठ्यानेच मांडलं.

"पाळण्याची घडी तरी होते," माझी बायको ज्योत्स्ना म्हणाली.

मी ते ऐकून घेतलं. उभी नोकरी मी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागात कारकुनी केली. तिथे कुणी आक्षेप घेतला की 'नोंद घेतली' म्हणायचं आणि जे करणार होतो तेच करायचं, अशी रीत असते. निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही.

आमचे जावई आदर्श निलंग्याला शिक्षक आहेत. ते फोनवर म्हणाले, "पप्पा, इथं मिळतात ना कूलर. मी घेतो." मिळतात, मला माहीत आहे. प्लास्टिकचे, खाली चाकं लावलेले, हात लावला की दुसऱ्या खोलीत पळणारे. माझ्या नातवाने आयुष्यातली पहिली गार हवा प्लास्टिकमधून घ्यायची? कूलर असावा तर पत्र्याचा, आणि पत्रा असावा आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या गुलाम रसूलच्या हातचा.

"साब, पत्रा देखो," गुलाम रसूल म्हणाला. "ह्याच्यावर बैल उभा करा. बैल वाकेल, पत्रा वाकनार न्हाई."

बैल लगेच मिळण्यासारखा नव्हता, म्हणून मी स्वतः उभा राहिलो. पत्रा वाकला नाही. मी इतका खूश झालो की म्हटलं, अजून जाड लावता येतो का बघा. त्याने लावला. आदर्शना फोन करून त्यांच्या खिडकीचं माप घेतलं, खात्रीसाठी पुन्हा घेतलं, गजांची जाडीसुद्धा विचारली. सगळी मापं झाली. फक्त बसच्या दरवाजाचं माप घ्यायचं राहिलं. खिडकीची एवढी काळजी करणाऱ्या माणसाला वाटेत दरवाजाही लागतो हे कसं सुचलं नाही, याचं मला अजून कुतूहल आहे.

बसने न्यायची कल्पना शेजारच्या सुदर्शनरावांची. ते विम्याचं काम करतात आणि दुसऱ्याच्या हक्कांबाबत फार जागरूक असतात. "सोनकांबळे साहेब, टेम्पो-बिम्पो कशाला? तिकीट काढलं की सामानाचा हक्क आपोआप येतो. फक्त तो मागावा लागतो." सुदर्शनरावांच्या दारात मोटार उभी असते. तिचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मलाही हक्काच्या भरात ती दिसली नाही.

दिवस विहीणबाईंनी, नागुबाईंनी, ठरवून कळवला होता. नातू पाहायला त्यांची सगळी भावकी जमणार होती, त्यामुळे तारीख हलणार नव्हती. आमची धम्मप्रिया, म्हणजे बाळाची आई, तिची अट एकच. "पप्पा, पहिल्या बसने निघायचं. बाळाला घामोळ्यांनी हैराण केलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हात फिरवू नका. ऊन चढायच्या आत लातूर ओलांडायचं."

"नोंद घेतली," मी म्हणालो.

पहिली बस फलाटाला लागली तेव्हा हवा खरोखर गार होती. तिच्या वाहकाने कूलर पाहिला आणि म्हणाला, "टपावर टाका."

मी टप पाहिला. "शिडी कुठंय?"

"शिडी काढली."

"मग टपावर कसा टाकायचा?"

"तेच म्हणतो मी. न्हाई टाकता येत."

मग डिक्की उघडून पाहिली. कूलरचा लोखंडी स्टँड आत गेला, कूलर गेला नाही. दरवाजातून आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला, तिरपा घातला तेव्हा तो मी आणि दांडा यांच्यामध्ये अडकला, आणि मला सोडवायला लोकांना चढावं लागलं. धम्मप्रिया बाळाला घेऊन आत जागा धरून बसली होती. ती खिडकीतून म्हणाली, "पप्पा, राहू द्या तो कूलर इथंच. आई न्यायला पाठवेल कुणाला तरी. आपण जाऊ."

या क्षणी मी बसमध्ये चढलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी म्हणालो, "प्रश्न कूलरचा नाही, तत्त्वाचा आहे. उतर खाली." ती उतरली, स्टँडही उतरला. बस गेली. सकाळचा सगळा गारवा तिच्याबरोबर लातूरकडे गेला.

वाहतूक नियंत्रक चहा पीत होते. माणूस सज्जन होता, आणि माझ्या दुर्दैवाने त्यांनाही माझ्याइतकंच कुतूहल होतं. "कूलर आत नेता येतो की नाही," ते म्हणाले, "हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही. बघू या." खोलीत भिंतीवर एक जुना तक्ता होता, त्यातली बरीचशी अक्षरं उडालेली होती. आम्ही दोघं डोकी जवळ आणून वाचू लागलो. गाठोडी होती, ट्रंका होत्या, सायकल असावी असं वाटत होतं. कूलर नव्हता.

"वाद्यं आहेत," ते म्हणाले. "कूलर वाजतो का?"

"चालू केला की वाजतो."

"पण वाजवतो कोण?"

या मुद्द्यावर आमचा बराच वेळ गेला. बाहेर फलाटावर धम्मप्रिया बाळाला पदराने वारा घालत होती. शेवटी ते म्हणाले, "वाहकाने घेतला तर आमची हरकत नाही."

पुढच्या बसचा वाहक भीमाशंकर नावाचा, उंच, किडकिडीत गृहस्थ होता. निलंग्यावरून पुढे औरादपर्यंत जाणारी गाडी. तो म्हणाला, "साहेबांनी लिहून दिलं तर आमची हरकत न्हाई." साहेब म्हणाले, लिहून द्यायला नियम लागतो. थोडक्यात, हरकत कुणाचीच नव्हती. कूलर मात्र फलाटावरच होता.

"मी त्याचं तिकीट काढतो," मी म्हणालो.

"कूलरचं? फुल का हाफ?"

मी बाणेदारपणे म्हणालो, "पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नसतं. हा कूलर परवाच तयार झालाय."

भीमाशंकरने कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मग मांडीवर घ्या."

सगळी बस हसली. मी पाहिलं, धम्मप्रिया हसली नव्हती. मागच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "आरं आत घ्या न्हाईतर फेकून द्या, पन गाडी हलवा! आमी काय कूलर बघायला बसलो हाव का?" या धुरपताबाई. त्यांच्या बोलण्याने मी मागे वळलो आणि मला बसचा मागचा दरवाजा दिसला. त्यावर लिहिलं होतं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. तो चांगला रुंद होता.

"बाहेर पडायचा हाय तो," भीमाशंकर म्हणाला. "आत यायचा न्हाई."

"आत यायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

त्याने पाटी पुन्हा वाचली. खरोखरच लिहिलेलं नव्हतं. "पन ठेवनार कुठं? मधली वाट अडवता येत न्हाई."

"माझ्या जागेवर. माझ्या तिकिटावर तो बसेल. मी उभा राहतो."

"उभ्यानं निलंगा?"

"उभ्यानं."

भीमाशंकरला हे कलम आवडलं. चार माणसांनी कूलर मागून उचलून आत घेतला आणि शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीशी बसवला. निवृत्त कारकून आनंदराज सोनकांबळे त्याच्या शेजारी दांड्याला धरून उभे राहिले. बाळंतिणीला भीमाशंकरने स्वतः पुढची, धक्के न बसणारी जागा दिली. बस निघाली. मी जिंकलो होतो. सुदर्शनरावांना काय सांगायचं त्याची वाक्यंही मी मनात जुळवत होतो.

लोहा मागे पडेपर्यंत माझा विजय टिकला. नंतर ऊन आत आलं. खिडकीतून येणारी हवा चुलीपुढच्या हवेसारखी होती. कूलरच्या तिन्ही बाजूंना गुलाम रसूलने नवं कोरं गवत ठासून भरलं होतं. वाऱ्याने त्याची कुसं उडून लोकांच्या अंगावर बसू लागली. धुरपताबाई माझ्या मागच्याच बाकावर होत्या. त्यांच्या डोळ्यात गेलं, कानात गेलं, शेवटी तोंडात गेलं.

"काय हो मास्तर, गोठा आनला का काय संगं?"

मी मास्तर नाही हे सांगणार, तेवढ्यात पुढून बाळाचं रडू ऐकू आलं. ते रडणं मी सकाळपासून ऐकत होतो, पण आता ते बारीक झालं होतं. मी धरत धरत पुढे गेलो. बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेवरच्या घामोळ्या फुलल्या होत्या, आणि रडायचं त्राण संपून ते नुसतं कुरकुरत होतं. धम्मप्रिया त्याचे ओठ ओल्या रुमालाने टिपत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हक्क मिळाला ना पप्पा?" ती म्हणाली. "आता जरा याला वारा घाला."

मी टोपी काढून वारा घालू लागलो. टोपीने गरम हवा इकडची तिकडे होत होती, एवढंच. मी घाबरलो. नातवाला गारवा मिळावा म्हणून केलेल्या खटपटीत मीच त्याला भर दुपारी उन्हात आणलं होतं, आणि ज्या तत्त्वासाठी आणलं ते तत्त्व आता मला नीट आठवतही नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं.

मागे मात्र धुरपताबाईंचा संयम संपला होता. अंगणात धूळ उडाली तर सडा मारायचा, एवढं साधं त्यांचं धोरण. त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि चिडून, शिव्या देत, ती कूलरच्या गवतावर रिकामी केली. खिडकीच्या बाजूला, वारा येतो तिकडे. कुसं बसली. आणि थोड्या वेळाने धुरपताबाईंच्या शिव्याही बंद झाल्या.

"ऐ," त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या. "हे चालू कुनी केलं?"

मी वळून पाहिलं. कूलरचा पंखा फिरत होता. वायर गुंडाळलेली, प्लग तिच्यातच खोचलेला, आणि पंखा फिरत होता. उलटा, हळूहळू, पण फिरत होता. धावत्या बसचा वारा ओल्या गवतातून घुसून पलीकडून बाहेर पडत होता, गार, ओल्या मातीसारखा वास येणारा. मागच्या दोन बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. चोरून मिळालेल्या गोष्टीबद्दल माणूस गप्प बसतो तशी ती गप्प होती.

"ए पोरी!" धुरपताबाई उठून पुढे ओरडल्या. "लेकरू इकडं आन! लवकर!" आणि त्यांनी आपली जागा सोडली.

धम्मप्रिया मागे येऊन बसली. बाळाने एकदा तोंड वेडंवाकडं केलं, एक शिंक दिली आणि हात सैल सोडले. चाकूर यायच्या आत ते झोपलं. मी कूलरशेजारी उभा राहून गवतावर पाणी शिंपडत होतो, आणि माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं ते कुसामुळे, असं मी विचारणाऱ्याला सांगितलं.

पुढचं वर्णन करायला मी असमर्थ आहे, तरी करतो. बसमध्ये पुढच्या जागेसाठी लोक रुमाल टाकतात, भांडतात. त्या दिवशी पुढची जागा कुणालाच नको झाली. एकेक जण काहीतरी निमित्त काढून मागे येऊ लागला. औरादला निघालेले वीरण्णा नावाचे जाडजूड व्यापारी पाय मोकळे करायला म्हणून आले आणि कूलरसमोरच्या बाकाच्या कडेला टेकले, ते परत गेलेच नाहीत. पाण्याच्या बाटल्या हातोहात माझ्याकडे येत होत्या. कुणी म्हणे, तोंड जरा डावीकडे करा. कुणी म्हणे, बाळाकडेच राहू द्या. पुढे ड्रायव्हर एकटा घाम पुसत ओरडत होता, "गाडी मागं कामून दबून राहिली?"

भीमाशंकर आला. त्याने कपाळ पुसलं आणि हवेत हात धरून पाहिला. "हे सामान चालू स्थितीत हाय," तो म्हणाला. "चालू स्थितीतल्या सामानाचं काय करायचं, हे बघावं लागंल." आणि बघायला तो तिथेच बसला. गाडी थांबली की गवतासाठी बादली भरून तोच आणायचा. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना.

चाकूरला तिकीट तपासनीस चढले. पुढे अर्धी बस रिकामी आणि मागे माणसांचा घोळका, हे पाहून त्यांचा चेहरा कडक झाला. "काय चाललंय? कुणाचं सामान हे?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात धुरपताबाई म्हणाल्या, "आमचं."

"आमचं," वीरण्णाही म्हणाले, आणि मग बरेच जण म्हणाले.

"जागेवर सामान? भीमाशंकर, नियम माहीत आहे ना?"

भीमाशंकर ताठ उभा राहिला. "साहेब, सामान मधल्या वाटेत न्हाई. तिकीट हाय. ह्या साहेबांचं तिकीट हाय आनि त्यावर त्यो बसलाय. साहेब उभे हायत. उभं राहायला मनाई न्हाई." सकाळी मी मांडलेले सगळे मुद्दे त्याने जसेच्या तसे मांडले. माझ्यापेक्षा चांगले मांडले, हे मला कबूल करावं लागेल.

तपासनीस कूलरची पाहणी करायला खाली वाकले. पाहणी लांबली. मग ते बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रकरण किचकट आहे. लातूरपर्यंत अभ्यास करावा लागेल." लातूर आल्यावर त्यांना उठवावं लागलं.

लातूरनंतर सगळी बस झोपली. धम्मप्रियाही झोपली. बाळंतपणानंतर तिला सलग झोप कधी मिळालीच नव्हती. तिचं डोकं कूलरच्या जाड पत्र्याला टेकलेलं होतं, आणि पत्रा वाकला नव्हता.

निलंगा आलं आणि मी कूलरला हात घातला, तेव्हा वीरण्णा जागे झाले.

"हे काय करून राहिले?"

"उतरवतोय. आम्हाला इथंच उतरायचंय."

"तुमी उतरा. कूलर कामून उतरवता? औराद पुढं हाय अजून!"

औरादवाल्यांनी एकच गलका केला. आम्ही पाणी घातलंय. आम्ही साहेबांसमोर आमचा म्हणून सांगितलंय. सकाळी चढू देत नव्हते, आता उतरू देईनात. मी हताश होऊन भीमाशंकरकडे पाहिलं. तो मान खाली घालून तिकिटाचं मशीन उगीच दाबत होता.

निकाल धुरपताबाईंनी दिला. त्या झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावून उभ्या राहिल्या. "गप बसा रे. ह्या लेकराचा हाय त्यो. लेकरू उतरलं की कूलर उतरला." मग वीरण्णांनीच एक बाजू धरली, आणि कूलर संकटकाळी बाहेर पडण्याच्या मार्गातून, पाटीवर लिहिल्याप्रमाणे, बाहेर पडला.

घरी भावकी जमलेलीच होती. आदर्शनी कूलर खिडकीत चढवला. माप तंतोतंत बसलं. सगळ्यांदेखत मी प्लग लावला, बटण दाबलं, आणि काहीच झालं नाही. निलंग्याची वीज दुपारपासून गेली होती. नागुबाईंनी कूलरकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छान हाय. कपडे ठेवायला का?" बाळ जागं होऊन कुरकुरू लागलं.

"याला बसमध्येच बरं होतं, पप्पा," धम्मप्रिया म्हणाली. पण ती हसत होती, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिने माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. तो मी अर्धा प्यालो, अर्धा सवयीने गवतावर ओतला. संध्याकाळी वीज आली. पंखा सरळ फिरला, सगळी भावकी त्या एका खोलीत मावली, आणि पाळण्याचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो तर औरादहून आलेली तीच बस, तोच भीमाशंकर. मी हातात एक पिशवी घेऊन पायरीवर चढलो. बस भरलेली होती, माणसं घामाने भिजलेली होती. मला पाहताच तो धावत दारात आला आणि माझ्या खांद्यावरून मागे फलाटावर पाहू लागला.

"कूलर कुठंय?"

"लेकीकडे. खिडकीत बसवला."

भीमाशंकरचा चेहरा उतरला.

"मग तुमी कशाला आले?"